गोळ्यांची पिशवी

नमस्कार श्रोतेहो.

मी एका जिल्हा रुग्णालयात निवासी डॉक्टर आहे. विषय फॅमिली मेडिसिन. हे सांगितलं की समोरचा विचारतो, "म्हणजे फॅमिली डॉक्टरच ना? मग एमबीबीएसनंतर आणखी 3 वर्षं कशाला?" माझ्या आईनंही हेच विचारलं होतं. तेव्हा मला नीट सांगता आलं नाही. आज सांगते.

एमबीबीएसची इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं होतात. मग नीट-पीजी ही प्रवेश परीक्षा, आणि त्यानंतर नॅशनल बोर्डाचा 3 वर्षांचा डीएनबी हा पदव्युत्तर अभ्यासक्रम. प्रबंधही लिहावा लागतो. आमचे मित्र एकाच विभागात राहून तिथले होऊन जातात. आमचं पोस्टिंग मात्र बदलत राहतं. मेडिसिन, सर्जरी, बालरोग, लेबर रूम, कॅज्युअल्टी. शिवाय त्वचा, डोळे, कान-नाक-घसा, मानसोपचार. एका वॉर्डातल्या सिस्टरांची नावं पाठ होईपर्यंत पुढच्या वॉर्डाची वेळ येते. सगळीकडे आम्ही पाहुणे. "थोडे दिवसच आहेस ना?" असं म्हणून केस दुसऱ्याला दिली जाते, तेव्हा वाईट वाटतं.

पण या फिरण्यातून काय हाती लागतं, ते मला एका आजींनी दाखवलं.

त्या आल्या चक्कर येते म्हणून. रात्री लघवीला उठताना उंबऱ्यापाशी पडल्या होत्या, कोपर सोललं होतं. बसून बीपी 118, उभं केल्यावर 96. मी म्हटलं, "आजी, उद्या घरातल्या असतील नसतील तेवढ्या गोळ्या घेऊन या." दुसऱ्या दिवशी त्यांनी कापडी पिशवी टेबलावर उपडी केली. अर्धवट कापलेल्या पट्ट्या, रबर लावलेल्या पुड्या, खोकल्याची बाटली. मी एकेक पट्टी हातात घेऊन मागचं बारीक अक्षर वाचत बसले. बाहेर रांग वाढत होती.

दोन पट्ट्यांवर कंपन्यांची नावं वेगळी, आत औषध एकच, ॲम्लोडिपिन. एक गावातल्या दवाखान्यातून, दुसरी तालुक्याहून. आजी इमानदारीनं दोन्ही घेत होत्या. या औषधानं बारीक रक्तवाहिन्या सैलावतात, बीपी उतरतं. पण डोस वाढला की पावलांना सूज येऊ शकते. तशी ती आली. सुजेसाठी तिसऱ्यानं लघवीची गोळी दिली. या सुजेवर तिचा फारसा उपयोग होत नाही, मात्र रात्री तीनदा उठणं सुरू झालं. त्यात गुडघ्यासाठी मेडिकलमधून परस्पर आणलेली दुखण्याची गोळी. तिनं तर बीपी वाढतं! प्रत्येक डॉक्टरनं आपल्यासमोरची तक्रार पाहिली होती. पिशवी कुणी पाहिली नव्हती.

आणि आजींना खरं दुःख चक्करेचं नव्हतंच. पाय तपासताना त्या हळूच म्हणाल्या, "बाई, जोडवी रुतायला लागली म्हणून काढून ठेवली. मालक जिवंत असताना मोकळी बोटं बरी दिसत नाहीत." केसपेपरवर याला रकाना नाही. मी समासात लिहून ठेवलं.

माझ्या सरांना सगळं दाखवलं. एक ॲम्लोडिपिन ठेवली, दुसरी बंद, लघवीची बंद, गुडघ्याला पॅरासिटामॉल आणि व्यायाम. श्रोतेहो, हे ऐकून कुणी आपल्या मनानं गोळी थांबवू नका. लघवीची गोळी कित्येकांच्या हृदयासाठी अत्यंत गरजेची असते. पिशवी मात्र डॉक्टरांकडे जरूर न्या, अगदी मलमासकट.

हृदयाचं, मूत्रपिंडाचं, हाडांचं शिक्षण तज्ज्ञांना आमच्यापेक्षा कितीतरी खोल मिळतं, आणि त्यांच्याशिवाय आमचं चालायचं नाही. पण या पट्ट्या एकमेकींशेजारी मांडून बघायलाही शिकावं लागतं. त्यासाठी सगळ्या वॉर्डांतून जावं लागतं आणि मग एकाच माणसाजवळ पुन्हा पुन्हा यावं लागतं. माझी तक्रार इथेच आहे. आमच्या शिक्षणात फिरणं भरपूर आहे, पुन्हा भेटणं फार कमी. प्रत्येक निवासी डॉक्टरकडे 3 वर्षं तीच ती थोडी कुटुंबं सोपवायला हवीत, असं मला मनापासून वाटतं.

महिन्यानं आजी आल्या, तेव्हा मी लेबर रूमला होते. त्या ओपीडीत विचारत विचारत, दोन जिने चढून बाहेरच्या बाकड्यावर येऊन बसल्या. सोबत सून. "हिलापण तूच बघ." मी जरा मोकळी झाल्यावर बाहेर आले, तिथेच बीपी घेतलं. बसून 132, उभ्यानं 126. मग आजींनी लुगड्याचा काठ थोडा वर धरला आणि पाय पुढे केला. बोटात जोडवी होती.