उठलात की लॉक

नमस्कार. समोर पतसंस्थांमधली मंडळी आहेत, सुताच्या पेढ्यांवर हिशेब लिहिणारे आहेत, सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या चादर-टॉवेलच्या कारखान्यांमधले ऑफिसवाले आहेत. जागेवरून उठताना संगणकाची स्क्रीन लॉक करायची, एवढंच आज सांगायचं आहे. म्हणून तुमच्याच टेबलापासून सुरुवात करतो.

पतसंस्थेत रक्कम वर्ग करताना एक जण नोंद करतो, दुसरा ती तपासून मंजूर करतो. मेकर आणि चेकर. एकट्या माणसाच्या हातून पैसा हलू नये, एवढ्यासाठी ही रीत आहे. आता चेकर उठून चहाला गेला आणि त्याची स्क्रीन तशीच उघडी राहिली. मेकरने शेजारच्या खुर्चीत बसून स्वतःचीच नोंद मंजूर केली, तर त्याला अडवणारं कोण? सॉफ्टवेअरला माणूस दिसत नाही, लॉगिन दिसतं. नोंदीत दोन नावं येतात, काम मात्र एकानेच केलेलं असतं. पुढे ऑडिटमध्ये ती नोंद निघाली की खुलासा चेकरला द्यावा लागतो, आणि ‘मी तेव्हा जागेवर नव्हतो’ हे सिद्ध करायला त्याच्या हातात काहीच नसतं.

म्हणून ‘आमच्याकडे सगळे घरचेच आहेत, लॉक कशाला?’ हा प्रश्न मला पटत नाही. लॉक करण्यात शेजाऱ्यावर संशय नाही. उद्या काही घोटाळा झालाच, तर संशय तुमच्यावर किंवा त्याच्यावर येऊ नये, यासाठी ते आहे. प्रामाणिक कारकुनाला त्याची सगळ्यात जास्त गरज असते.

दुसरी अडचण मला खूपदा ऐकू येते. लॉक केलं की हिशेबाचं सॉफ्टवेअर टॅली बंद पडेल, प्रिंट अर्धवट राहील, अशी भीती. तसं काही होत नाही. लॉक म्हणजे शटडाऊन नाही आणि साइन आउटही नाही. आत सगळं चालू राहतं, प्रिंट निघत राहते, डाउनलोड पुरं होतं. फक्त समोरचा दरवाजा लागतो. विंडोजचं बटण आणि एल एकत्र दाबा. मॅकवर कंट्रोल, कमांड आणि क्यू.

पण माणूस विसरतो. फोन वाजतो, मालक हाक मारतात, काउंटरवर गिऱ्हाईक येतं, आणि आपण उठतो. अशा वेळी हात त्या बटणाकडे जाईलच, याची खात्री कोणी देऊ नये. म्हणून हे काम यंत्राकडे सोपवायची कल्पना निघाली. 2002 साली मिशिगन विद्यापीठातल्या मार्क कॉर्नर आणि ब्रायन नोबल यांनी ती नीट मांडली. माणसाच्या अंगावर एक छोटं उपकरण, ते लॅपटॉपशी रेडिओवरून सतत बोलतं. ते लांब गेलं की सुमारे पाच सेकंदांत लॅपटॉपमधली माहिती पुन्हा कूटबद्ध होते, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येत नाही.

आज ते उपकरण आपल्या खिशात आहे. 2017 पासून विंडोज 10 मध्ये आणि पुढे 11 मध्येही ‘डायनॅमिक लॉक’ मिळतं. मोबाइल ब्लूटूथने संगणकाशी जोडायचा, सेटिंग्जमध्ये अकाउंट्स, त्यात साइन-इन ऑप्शन्स, तिथे डायनॅमिक लॉकसमोर टिक करायची. फोनचा सिग्नल क्षीण झाला की मिनिटभराच्या आसपास स्क्रीन लॉक होते.

मात्र याच्यावर विसंबून राहू नका. संगणक तुमचं अंतर मोजत नाही, सिग्नलचा जोर मोजतो. पेठेतल्या जुन्या वाड्याच्या जाड भिंतीपलीकडे गेलात तर सिग्नल लवकर पडतो. कारखान्याच्या मोकळ्या हॉलमध्ये तुम्ही बरेच लांब गेलात तरी तो टिकतो. चहाची टपरी दाराशीच असेल तर लॉक होणारच नाही. फोन टेबलावर चार्जिंगला लावून उठलात, तर संगणकाच्या लेखी तुम्ही जागेवरच आहात. आणि तो एक मिनिट उघडाच असतो. व्हॉट्सअॅप वेबचा फोटो काढायला, पुरवठादाराचा खाते क्रमांक बदलायला तेवढा वेळ पुरतो. आधी हात, मग यंत्र.

इथे एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आपोआप लॉक होणं आणि आपोआप उघडणं यांत मोठा फरक आहे. लॉक चुकून पडलं तर एकदा पिन टाकावा लागतो, बस. उघडणं चुकलं तर परका माणूस आत. 2022 मध्ये एनसीसी ग्रुप या सायबर सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी मालकाचा फोन लांब असतानाही त्याचा ब्लूटूथ सिग्नल मधल्या यंत्रांनी पुढे पोचवून टेस्लाची मोटार उघडून, सुरू करून दाखवली. फोन जवळ आला की संगणक आपोआप उघडणारी सोय कोणी विकायला आणली, तर पतसंस्थेत ती घेऊ नका. डायनॅमिक लॉक फक्त बंद करतं, उघडायला पिन किंवा बोट लागतंच. ते तसंच असायला हवं.

बऱ्याच पेढ्यांवर सगळ्यांचं मिळून एकच लॉगिन असतं. तिथे लॉकचा उपयोग अर्धाही उरत नाही, कारण पासवर्ड मॉनिटरला चिकटवलेला असतो. आधी प्रत्येकाचं वेगळं खातं करा, विंडोजमध्ये आणि हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्येही. विंडोजमध्ये तरी याला खर्च नाही, फक्त एक दुपार लागते.

जुन्या डेस्कटॉपला ब्लूटूथ नसतं. तिथे स्क्रीन सेव्हर लावा आणि ‘ऑन रिझ्यूम, डिस्प्ले लॉगऑन स्क्रीन’ या ओळीसमोर टिक करा. ती टिक करायची राहून गेली तर नुसती चित्रं फिरतात, लॉक होत नाही. मायक्रोसॉफ्टच्या सुरक्षा शिफारशींत निष्क्रियतेची मर्यादा, म्हणजे संगणकाला किती वेळ हात लागला नाही की तो लॉक व्हावा, ती 900 सेकंद, म्हणजे 15 मिनिटं आहे. कॅश काउंटरवर ती मला फार वाटते, तिथे दोन मिनिटं ठेवा. जो दिवसभर वह्या बघून नोंदी करतो, त्याला दोन मिनिटं त्रासाची होतील आणि तो टिकच काढून टाकेल. त्याला दहा द्या.