पाणी उतरल्यावर पडलेली घरं

(कर्नाटकातल्या निपाणी भागातल्या एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत निवृत्त प्राथमिक शिक्षकाने केलेलं भाषण, थोडं संपादित करून.)

मंडळी, 2019 च्या महापुरात आमच्या गल्लीतलं पहिलं घर पडलं ते पाणी उतरल्यावर अकराव्या दिवशी. भर उन्हात. सगळी गल्ली गाळ उपसत होती. धप्प असा आवाज झाला, धुरळा उठला. घरातली माणसं दारात भांडी घासत बसली होती म्हणून वाचली.

आपल्याकडची जुनी घरं मातीच्या भेंड्यांची, म्हणजे कच्च्या विटांची, पांढऱ्या मातीची. पाण्यात असतात तोवर ती उभी राहतात, कारण आत-बाहेर दोन्हीकडून पाण्याचा दाब सारखा असतो. पाणी उतरलं की भिंतीत मुरलेलं पाणी तिला आतून ढिली करतं, पाया दबतो, आणि वर कडक ऊन पडलं की भिंत तडकते. त्या घराची पाहणी पाचव्या दिवशीच होऊन गेली होती आणि कागदावर 'अंशतः नुकसान' अशी नोंद पडली होती. पाहणी करणाऱ्याचं चुकलं म्हणू का? त्या दिवशी घर उभं होतं. सरकारने तातडीचे 10 हजार आणि पूर्ण पडलेल्या घराला 5 लाख जाहीर केले होते. म्हणजे पाचवा दिवस आणि अकरावा दिवस यांच्यातला फरक लाखांचा होता. फेरपाहणीचा अर्ज करा म्हणाले. तो अर्ज कन्नडमध्ये. त्यावर मी नंतर येतो.

पूर कसा येतो ते तुम्हाला काय सांगायचं! वेदगंगा दूधगंगेला मिळते, दूधगंगा पुढे कल्लोळजवळ कृष्णेला. कृष्णाच तुडुंब असली की आपल्या नद्यांचं पाणी पुढे सरकत नाही, मागे नदीकाठच्या मळीत पसरतं. जत्राट-भिवशी, अक्कोळ-सिदनाळ, कारदगा-भोज, मलिकवाड-दत्तवाड हे खालचे पूल दरवर्षीच पाण्याखाली जातात, त्याचं आता कोणाला नवल नाही. पण 2019 च्या ऑगस्टमध्ये यमगर्णीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग बंद पडला, तेव्हा आमच्या म्हाताऱ्यांनीही डोक्याला हात लावला. दूधगंगेवरचं काळम्मावाडीचं धरण पलीकडे महाराष्ट्रात, आम्ही अलीकडे. त्यामुळे दरवाजे उघडल्याची खबर कागलकडच्या पाहुण्यांच्या फोनवरून आधी येते, दवंडी मागून. अलमट्टी धरणामुळे पूर की कोयनेच्या, हा वाद पारावर रंगवायला चांगला आहे. आज मला त्यात शिरायचं नाही.

पहिले आठ दिवस मदतीला तोटा नव्हता, हे कृतज्ञतेने सांगतो. माळावरच्या गावांनी भाकऱ्या पाठवल्या, तरुण मंडळांच्या पोरांनी कमरेएवढ्या पाण्यातून म्हातारी माणसं पाठुंगळी बाहेर काढली. शाळेत गंजी केंद्र, म्हणजे पूरग्रस्तांच्या जेवणाची आणि राहण्याची सोय, सुरू झालं. भडंग, बिस्किटं, पाण्याच्या बाटल्या इतक्या आल्या की त्या ठेवायला एक वर्ग रिकामा करावा लागला. एका टेम्पोतून तर लग्नातले जुने कोट आले. आमच्या एका सालगड्याने त्यातला एक अंगावर चढवून आठ दिवस गोठा साफ केला. नसलेली वस्तू कोणती, तर खराटे, फावडी, घमेली. आणि वैरण. माणसाला चार घास मिळाले तरी दावणीला म्हैस उपाशी असेल तर तो केंद्रात थांबत नाही, पाण्यातून परत जातो. आमच्याकडे दोघं असेच परत गेले, त्यांना दोरी लावून काढावं लागलं. त्यानंतर मी येणाऱ्या प्रत्येक फोनला एकच सांगत होतो, बिस्किटं नकोत, कडबा आणा.

केंद्रात मी एक शंभर पानी वही घातली होती. रोज जेवणारी माणसं मोजायला, एवढाच हेतू. मग रकाने वाढत गेले. जनावरं किती. घरात बाळंतीण आहे का. बीपी-शुगरच्या गोळ्या कोणाच्या संपल्या. चौथ्या दिवशी एका पोराने विचारलं, "गुरुजी, घर कुणाच्या नावावर हाय ते पण लिवूया का?" लिहायला घेतलं आणि माझेच डोळे उघडले. खालच्या गल्लीतली बरीच घरं अजून मयत आजोबांच्या नावावर. वारसा लागलेलाच नाही. तीन भावांनी चुली वेगळ्या केलेल्या, उतारा एकच. भाड्याने राहणाऱ्यांचा तर कुठे पत्ताच नाही. नुकसान भाडेकऱ्याच्या भांड्याकुंड्यांचं आणि पैसे घरमालकाच्या खात्यावर! घरमालकाने त्यातले किती दिले, हा ज्याच्या त्याच्या मनाचा प्रश्न.

विडी वळणाऱ्या बायकांचं नुकसान कोणत्याच कागदात बसत नव्हतं. पान आणि तंबाखू ठेकेदाराची, घरात ठेवलेली. ती भिजून कुजली. सरकारी यादीत शेत आहे, घर आहे, जनावर आहे, पण दुसऱ्याचा कच्चा माल नाही. पाणी उतरलं तेव्हा या बायका कामाविना तर होत्याच, वर कर्जबाजारी. हे आमच्या ध्यानात आलं ते महिनाभराने, एकीने मंगळसूत्र गहाण ठेवल्यावर. तेव्हा बचत गटाने आपली शिल्लक काढून पानाचे पैसे भागवले. सगळ्या पूरकाळातली मला सर्वांत नेमकी वाटलेली मदत हीच. रक्कम तशी किरकोळ होती.

आता तो कन्नड अर्ज. माझ्याच शाळेतले कन्नड माध्यमाचे एक सर रात्री कंदील लावून अर्ज भरायला बसले. एकेका रात्री चाळीस-चाळीस. सीमाप्रश्नावर त्यांचं आणि माझं कधी जुळलं नाही, त्या रात्रीही जुळलं नाही. चहा पिताना वाद घातलाच. पण खरी अडचण पुढे आली. कन्नडमध्ये 'चौगुले' चा 'चौगले' झाला, आधारवर तिसरंच स्पेलिंग, पासबुकात चौथं. पैसे मंजूर होऊन परत गेले. मग पुन्हा वही काढली आणि प्रत्येकाच्या नावापुढे तिन्ही कागदांवरची स्पेलिंगं उतरवली. जी जुळत नव्हती ती दुरुस्त करून घ्यायला सहा-सात महिने गेले. तोवर मदतीचे टेम्पो थांबले होते, पेपरातले फोटोही. उसाच्या पानांच्या सुरळीत गाळ जाऊन शेंडे कुजले होते, त्या सालचं बिल बुडालं होतं. गावाला खरा आधार हवा होता तो या महिन्यांत. त्या दिवसांत पहिला रोख पैसा घरात आला तो दुधाचा. मला वाटतं, वाचवलेल्या प्रत्येक म्हशीने एकेक घर तगवलं.

2021 च्या जुलैत पाणी पुन्हा आलं. वही घेऊन पोरं संध्याकाळीच खालच्या गल्लीत गेली, आधी जनावरं हलवली, मग माणसं आपोआप निघाली. तेवढ्यात वहीतल्या चुकाही कळल्या. तीन नावं मयताची निघाली. एका घरी भाडेकरू बदललेले, नव्यांना कोणी हाकच मारली नाही. सकाळी ते छपरावर दिसले. काढलं त्यांना, पण माझी मान खाली गेली.

तेव्हापासून दरवर्षी मृगाच्या आधी वही नव्याने लिहितो. माझी नजर अधू झाली, म्हणून आता ती बचत गटाच्या एका बाईंकडे असते. त्यांनी दोन नवे रकाने पाडलेत. एक, कोणाच्या घरी विडीचा माल आहे. दुसरा, कोणाची भिंत मातीची आहे. पाणी उतरलं तरी पंधरा दिवस त्या घरात कोणी झोपायचं नाही. या दुसऱ्या रकान्यावरून गावात भांडण सुरू आहे, कारण घराला असा शिक्का बसला तर भाडेकरू मिळत नाही, असं घरमालक म्हणतात. परवाच्या बैठकीत दोघांनी आपली पानं फाडून घेतली. बाईंनी ती दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहिली.