सीएफ आणि वाढलेलं वजन: तूप कमी करताना काय सांभाळायचं

मंडळी, नमस्कार. आपण आज सभागृहात न जमता पडद्यावर भेटतोय, त्याचं कारण तुमच्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. सिस्टिक फायब्रोसिस, म्हणजे सीएफ (शरीरातले स्राव घट्ट होऊन फुप्फुसं आणि पचन बिघडवणारा जन्मजात आजार), असलेल्या दोन माणसांनी एकमेकांपासून निदान दोन मीटर लांब राहायचं असतं. एकाच्या छातीतले जंतू दुसऱ्याच्या छातीत गेले, तर ते तिथे कायमचं बिऱ्हाड करू शकतात. म्हणून हा आजार असलेली घरं सहसा एकमेकांना भेटत नाहीत, आणि वजनाबद्दलचे सल्ले मात्र असा आजार कधी न पाहिलेल्या लोकांकडून मिळतात. इंग्लंड-अमेरिकेतल्या आपल्या मराठी घरांत सध्या दोन सल्ले ऐकू येतात. आजी म्हणते, आत्ता कुठे बाळसं धरलंय, खाऊ दे. जिममधला मित्र म्हणतो, तेल-तूप बंद कर. सीएफच्या बाबतीत हे दोन्ही सल्ले चुकतात.

आजीचा सल्ला आधी घेऊ, कारण एके काळी तो शास्त्रशुद्ध होता. सीएफमध्ये शंभरातल्या साधारण ८५ जणांचं स्वादुपिंड पाचकरस आतड्यात सोडू शकत नाही. स्निग्ध पदार्थ पचत नाहीत, शौच तेलकट, चिकट, दुर्गंधीयुक्त होते, माणूस खाऊनही वाळत जातो. त्यामुळे जुन्या काळी स्निग्ध पदार्थ तोडायला सांगत. टोरांटोच्या रुग्णालयाने १९७०च्या दशकात उलट वाट धरली: एन्झाइम (बाहेरून दिलेले पाचकरस) भरपूर द्या आणि तूप-लोणीही भरपूर खाऊ द्या. १९८८ साली टोरांटो आणि बोस्टन इथल्या रुग्णांची तुलना प्रसिद्ध झाली. जगण्याचं मध्यक वय टोरांटोत ३० वर्षं होतं आणि बोस्टनमध्ये २१. त्या नऊ वर्षांवर पुढचा सगळा आहारविचार उभा राहिला. आईने मुलाच्या प्रत्येक घासावर तुपाची धार धरली ती डॉक्टरांच्या सांगण्यावरून, आणि तिने केलं ते योग्यच केलं. आज पस्तिशीतल्या माणसाचं पोट सुटलंय म्हणून त्या आईला बोल लावू नका.

मग बदललं काय? जनुकातल्या बिघाडामुळे पेशीच्या कडेवरचं जे प्रथिन नीट काम करत नाही, त्यालाच कामाला लावणारी औषधं, म्हणजे मॉड्युलेटर, आली. तीन औषधांचं एकत्र मिश्रण अमेरिकेत ऑक्टोबर २०१९ मध्ये ट्रायकाफ्टा या नावाने आणि २०२० मध्ये युरोपात काफ्ट्रिओ या नावाने मंजूर झालं. मूळ चाचणीत २४ आठवड्यांत फुप्फुसांची क्षमता साधारण १४ टक्के-बिंदूंनी वाढली आणि बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं माप) सुमारे एका अंकाने. श्वास घ्यायला लागणारी मेहनत कमी झाली, जंतुसंसर्ग कमी झाले, आतड्यातली सूज उतरली, नाक मोकळं झालं, अन्नाला वास-चव आली. कॅलरींचा खर्च उतरला आणि जमा वाढली. ताट मात्र तेच राहिलं, आणि कपाटात दूध-पावडरीच्या पेयांच्या बाटल्याही तशाच राहिल्या.

भारतात ही औषधं अजून सहज मिळत नाहीत आणि तिथल्या बहुतेक रुग्णांची अडचण आजही कमी वजनाचीच आहे. त्यामुळे कुणी हे रेकॉर्डिंग पुण्या-नागपूरच्या नातेवाइकांना पाठवणार असेल, तर एवढं आवर्जून सांगा: ज्याचं वजन कमी आहे आणि जो मॉड्युलेटरवर नाही, त्याच्यासाठी आजचं बोलणं नाही.

आता वजन जास्त आहे हे ठरवायचं कसं? सीएफमध्ये प्रौढ बाईने बीएमआय निदान २२ आणि पुरुषाने २३ राखावा असं सांगतात, कारण त्याखाली फुप्फुसं ढासळू लागतात. दुसरीकडे आपल्या भारतीय वंशाच्या लोकांसाठी जादा वजनाची रेषा २३ला सुरू होते आणि लठ्ठपणाची २५ला, कारण आपल्याकडे चरबी पोटात आधी साठते. आता हिशोब करा. १७० सेंटिमीटर उंचीच्या पुरुषाचा बीएमआय २३ म्हणजे साडेसहासष्ट किलो. सीएफच्या नियमाने ही त्याची खालची मर्यादा आणि भारतीय मापाने हीच वरची. १५५ सेंटिमीटरच्या बाईला ५३ आणि ५५ किलो यांच्यामधली जेमतेम दोन किलोंची जागा मिळते.

म्हणून माझं स्पष्ट मत असं, की २३ ते २५ या पट्ट्यात नुसत्या वजनकाट्यावरून काहीही ठरवू नये. टेप घ्या आणि कंबर मोजा. बरगडीचं शेवटचं हाड आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर. पुरुषाला ९० आणि बाईला ८० सेंटिमीटरच्या वर गेली तर लक्ष घालायचं. सोबत रक्तदाब, चरबीची रक्ततपासणी, साखर आणि यकृताची तपासणी बघायची. जमत असेल तर डेक्सा स्कॅन करून स्नायू किती आणि चरबी किती हेही पाहावं. सीएफमध्ये काट्यावर वजन बरोबर दिसतं आणि आत स्नायू कमी, चरबी जास्त असते, असं बऱ्याचदा आढळतं. अशा माणसाने किलो उतरवण्याच्या मागे लागू नये, स्नायू कमवावेत.

आणखी एक गोष्ट. पोट वाढलं म्हणजे चरबीच वाढली असं धरू नका. सीएफमुळे यकृत खराब झालं तर पोटात पाणी साठतं. बुरशीसाठी इट्राकोनॅझोल चालू असताना फवाऱ्यातून बुडेसोनाइड किंवा फ्लुटिकासोन घेतलं तर ते स्टेरॉइड शरीरात साचतं: चेहरा गोल होतो, हातपाय बारीक राहतात, कातडीवर सहज काळे-निळे डाग पडतात. थोड्या आठवड्यांत असं झालं तर आहारतज्ज्ञाकडे येण्याआधी डॉक्टरांकडे जा.

बरं, आता ताटाकडे येऊ. सगळ्यांत आधी जायला हवीत ती वजन वाढवणारी पेयं. दोनशे मिलीच्या एका बाटलीत साधारण ३०० कॅलरी असतात. रोज दोन बाटल्या वर्षानुवर्षं चालू असतील तर निम्मा प्रश्न तिथेच सुटतो, आणि ताटाला हातही लावावा लागत नाही. पोटावरच्या नळीतून रात्री आहार चालू असेल तर तो कधी आणि किती कमी करायचा हे मात्र तुमच्या सीएफ केंद्राने ठरवायचं. त्यानंतर थंड पेयं, फळांचे डबाबंद रस, आणि कॅलरी वाढवायच्या म्हणून लागलेली चिप्स-चॉकलेटची सवय.

मग रोजचं जेवण. एक जुनं ताट समोर धरा. तीन पोळ्या, प्रत्येकीला चमचाभर तूप, वरणभातावर दोन चमचे, भाजीच्या वाढणीत दोन चमचे तेल, दोनशे मिली म्हशीचं दूध, मूठभर दाणे. लहान चमचाभर तेला-तुपात साडेचार ग्रॅम स्निग्धांश धरला तर हे ताट ५८-६० ग्रॅमपर्यंत जातं. आता नवं ताट: दोन पोळ्यांना मिळून चमचाभर तूप, वरणभातावर एक चमचा, मटकीची उसळ चमचाभर तेलात, वाटीभर गाईच्या दुधाचं दही, कोशिंबिरीत मोठा चमचाभर दाण्याचं कूट. झाले २२-२३ ग्रॅम. तुपाची चव राहिली, आणि एका जेवणात नुसत्या स्निग्धांशातून सव्वातीनशे कॅलरी कमी झाल्या. दिवसाला ३०० ते ४०० कॅलरींची घट पुरेशी आहे. आठवड्याला पाव ते अर्धा किलो उतरावं, त्याहून वेगाने उतरलं तर स्नायू जळताहेत किंवा काहीतरी बिघडतंय असं समजा.

इथे एन्झाइमचा प्रश्न येतो, आणि चुका सगळ्यांत जास्त इथेच होतात. समजा तुमचं प्रमाण दर ग्रॅम स्निग्धांशाला २,००० युनिट लायपेज (स्निग्धांश पचवणारं एन्झाइम) असं बसलेलं आहे. जुन्या ताटाला १,२०,००० युनिट लागत, म्हणजे २५,००० वाल्या साधारण पाच कॅप्सूल. नव्या ताटाला ४५,००० पुरतील, म्हणजे दोन. सवयीने पाच घेत राहिलात तर कॅप्सूल फुकट जातात आणि काहींना बद्धकोष्ठ होतो. वरची मर्यादा वजनावर ठरते: दिवसाला दर किलोमागे १०,००० युनिट. ८० किलोंच्या माणसाला ८ लाख, तोच ७० वर आला की ७ लाख. वजन उतरलं की ही मर्यादाही उतरते हे विसरलं जातं. मोठ्या डोसमुळे मोठं आतडं आतून आकसल्याच्या घटना १९९४ मध्ये नोंदल्या गेल्या, तेव्हापासून ही मर्यादा काटेकोर पाळतात.

उलट चूक जास्त घातक आहे. काही जण मुद्दाम कॅप्सूल चुकवतात: खाल्लेलं तूप न पचता निघून जाईल, वजनही उतरेल. वजन उतरतं हे खरं, पण त्या तेलकट शौचाबरोबर अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वंही वाहून जातात, हाडं ठिसूळ होतात, आणि घट्ट मळ उजव्या कुशीत, लहान आणि मोठं आतडं जिथे जुळतं तिथे अडकतो. दुखणं, फुगणं, उलट्या असं सुरू झालं तर रुग्णालय गाठावं लागतं. कुणी हे करत असेल तर त्याला रागावू नका. आपल्या शरीराबद्दल त्याला काय वाटतंय ते आधी ऐकून घ्या आणि केंद्रातल्या मानसशास्त्रज्ञांना त्यात घ्या. जीवनसत्त्वांच्या गोळ्याही मनाने बंद करायच्या नाहीत. मॉड्युलेटरवर काहींचं अ जीवनसत्त्व वाढतं, म्हणून रक्त तपासून डोस बदलतात.

मॉड्युलेटरची गोळी स्निग्ध अन्नाबरोबरच घ्यायची, हा नियम वजन उतरवतानाही कायम राहतो. रिकाम्या पोटी किंवा नुसत्या फळांवर घेतली तर औषध निम्म्याहून कमी शोषलं जातं. डाएट म्हणून सकाळी पपई आणि काळा चहा घेऊन गोळी गिळणारा माणूस प्रत्यक्षात अर्धाच डोस घेत असतो, आणि महिनाभराने खोकला वाढला की कारण सापडत नाही. वेष्टणावर ग्रॅमचा आकडा नसतो. मी साधारण १० ग्रॅम धरायला सांगते. एक उकडलेलं अंडं आणि पोळीला चमचाभर तूप, किंवा दोन चमचे तेलात केलेले दाणे घातलेले पोहे. इडली-सांबार नुसतं पुरत नाही, सोबत खोबऱ्याची चटणी हवी. चहासोबत दोन मारी बिस्किटं अजिबात चालत नाहीत. ट्रायकाफ्टा-काफ्ट्रिओची रात्रीची गोळी बारा तासांनी, तीही अशाच खाण्यावर, आणि दोन्ही वेळा एन्झाइमसकट. दिवसभरात तूप कमी करायचं तर या दोन वेळा सोडून इतर ठिकाणी करा.

उपवासांबद्दल विचारणा होतेच. एकादशी, नवरात्र, किंवा हल्ली सोळा तास न खाण्याची पद्धत. बारा-बारा तासांच्या दोन गोळ्या आणि आठ तासांची खाण्याची खिडकी यांचा मेळ बसत नाही. इन्सुलिनवर असाल तर साखर घसरण्याचा धोका आहेच. साबुदाण्याची खिचडी खाऊन वजन उतरत नाही, आणि तिच्यातल्या दाण्या-तुपाला कॅप्सूल लागतात हे उपवासाच्या दिवशी हमखास राहून जातं. देवावरची श्रद्धा जपायची तर मीठ-मसाला न सोडता एखादा आवडता पदार्थ सोडा.

मधुमेहाचंही नीट समजून घ्या. सीएफचा मधुमेह मुळात इन्सुलिन कमी पडल्याने होतो, आणि त्यावर इन्सुलिनच लागतं. काकांना वजन उतरवल्यावर साखरेच्या गोळ्या सुटल्या म्हणून तुमचं इन्सुलिन सुटेल असं नाही. खाणं कमी केलं की डोस मात्र कमी करावा लागतो, आणि तो आधी ठरवून घ्यायचा. नाहीतर दुपारी साखर घसरते, माणूस घाबरून सरबत-बिस्किटं खातो आणि वाचवलेल्या सगळ्या कॅलरी परत येतात. इन्सुलिन न लागणाऱ्यांनी दरवर्षी ग्लुकोज पिऊन करायची तपासणी चुकवू नये. तीन महिन्यांची सरासरी साखर सीएफमध्ये फसवी असते. प्रयत्न न करता वजन उतरू लागलं तर खूश होण्याआधी ही तपासणी करा.

प्रथिनं वाढवा. कॅलरींतला साधारण पाचवा हिस्सा त्यांचा असावा: १,८०० कॅलरींच्या आहारात ९० ग्रॅम. वाटीभर वरणात सहा-सात ग्रॅम, अंड्यात सहा, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठरा, तेवढ्याच शिजलेल्या चिकनमध्ये सत्तावीस ते तीस. शाकाहाऱ्यांना नुसत्या आमटीवर हा आकडा गाठता येत नाही. दही, पनीर, सोयाबीन रोज लागेल. पालेभाज्या-कोशिंबिरी हळूहळू वाढवा, पाणीही वाढवा. एकदम चोथा वाढवला आणि पाणी कमी पडलं तर मघाशी सांगितला तसा मळ आतड्यात अडकतो.

व्यायामात आठवड्याला दोन-तीन दिवस वजनं उचलणं मला चालण्याइतकंच महत्त्वाचं वाटतं, कारण वजन उतरताना स्नायू टिकवणारी गोष्ट तीच. मिठाबद्दल एकच: मॉड्युलेटरवर घामातलं मीठ घटतं आणि रक्तदाब वाढू शकतो, म्हणून लहानपणापासूनची जादा मिठाची सवय तपासायला हवी. लघवीतलं सोडियम मोजून ती कमी करतात. मॉड्युलेटर नसेल तर उन्हात मीठ तोडणं धोक्याचं.

सेमाग्लुटाइड, टिर्झेपाटाइड ही इंजेक्शनं सीएफमध्ये थोड्या लोकांना दिली गेली आहेत. ती जठर रिकामं होण्याचा वेग कमी करतात, आणि सीएफमध्ये तो आधीच मंद असू शकतो. बद्धकोष्ठ आणि पित्ताशयातले खडे सीएफमुळेही होतात आणि या इंजेक्शनांमुळेही. ज्यांचं स्वादुपिंड अजून काम करतं त्यांना त्याच्या सुजेचाही धोका असतो. ऑनलाइन मागवून घेण्याचं हे औषध नाही. सीएफ केंद्राने सुचवलं, तरच.

आणि एक तारीख वहीत लिहून ठेवा. सीएफमध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका जास्त असतो, म्हणून दुर्बिणीची तपासणी चाळिसाव्या वर्षीच सुरू करतात, अवयव प्रत्यारोपण झालेल्यांची तिसाव्या वर्षी. वजन उतरतंय म्हणून आनंदात असताना शौचातून रक्त गेलं तर मूळव्याध म्हणून सोडून देऊ नका.

पुढच्या भेटीला जाताना तीन दिवसांची नोंद न्या, त्यातला एक शनिवार किंवा रविवार असू द्या: काय खाल्लं, किती चमचे तेल-तूप, किती कॅप्सूल, गोळी कशावर घेतली. छातीचा संसर्ग झाला, ताप आला किंवा शिरेतून अँटिबायोटिक सुरू झालं तर त्याच दिवशी कमी खाणं थांबवा आणि पोटभर जेवा. फुंकणीची (फुप्फुसांच्या क्षमतेची) चाचणी पूर्ववत आल्याशिवाय पुन्हा सुरू करू नका.