गाडी घेताना पैसा होतो

सकाळचे साडेसात वाजले आहेत. शिरोलीकडून कोल्हापुरात शिरणाऱ्या रस्त्यालगत, पत्र्याच्या एका शेडसमोर नऊ गाड्या ओळीने उभ्या आहेत आणि पन्नाशीकडे झुकलेला एक माणूस बादली व फडके घेऊन त्या एकेक करून पुसत चालला आहे. सात गाड्यांच्या पाट्यांवर कोल्हापूरचा एमएच 09 आहे, एक केए 23 म्हणजे निपाणी-चिकोडीकडची आहे आणि कोपऱ्यातली करडी इनोव्हा दिल्लीची आहे. पुढच्या काचांवर पांढऱ्या रंगाने मॉडेलचे साल, इंधन आणि 'सिंगल हँड' (एकाच मालकाची) किंवा 'सेकंड हँड' (दुसऱ्या मालकाची) एवढेच लिहिलेले आहे. किंमत एकाही काचेवर नाही. ती विचारणाऱ्याचा चेहरा पाहून सांगितली जाते.

शेड भाड्याची असून धंद्यात दोघे भागीदार आहेत. फडके मारणाऱ्याने उमेदीची अठरा वर्षे शिवाजी उद्यमनगरातल्या गॅरेजमध्ये फिटर म्हणून काढली. दुसरा विम्याची कागदपत्रे करता करता या व्यवसायात आला. आपली नावे पडद्यावर येऊ नयेत एवढी एकच अट त्यांनी घातली, म्हणून या माहितीपटात ते फिटर आणि कागदवाले आहेत. बाजारातही त्यांना जवळपास याच नावांनी ओळखतात. नऊपैकी तीनच गाड्या त्यांच्या पैशाच्या आहेत. उरलेल्या सहा गाड्या मालकांनी विकायला आणून ठेवलेल्या आहेत आणि त्यांवर ठरलेली दलाली मिळते. स्वतःच्या तीन गाड्यांतलाही काही पैसा महिना शेकडा दोन रुपये दराने उचललेला आहे. त्यामुळे गाडी उभी राहिली की व्याज चालू राहते.

फिटरचे एक वाक्य आम्हाला चित्रीकरणाच्या पहिल्याच दिवशी ऐकायला मिळाले आणि पुढचे सगळे चित्रीकरण त्याच वाक्याच्या मागे गेले. "गाडी इकताना पैसा हुत न्हाय. घेताना हुतो."

ते कसे, हे पाहण्यासाठी कागल तालुक्यातल्या एका गावात जावे लागते. उसाच्या फडाशेजारी पत्र्याच्या छपराखाली 2014 सालची पांढरी डिझेल स्विफ्ट उभी आहे. मीटरवर 92 हजार किलोमीटर दिसतात. मालक शेतकरी आहेत आणि त्यांची अपेक्षा सव्वातीन लाखांची आहे. कागदवाले ओट्यावर बसून चहा घेतात, पै-पाहुण्यांची विचारपूस करतात. फिटर मात्र गाडीला हात न लावता आधी तिच्याभोवती दोन फेऱ्या मारतो. उन्हाच्या तिरिपेत पत्र्यावरचे प्रतिबिंब सरळ जाते की कुठे लचकते, हे तो पाहत असतो. डाव्या मागच्या दरवाजाजवळ तो थांबतो, बोटाच्या पेराने दोनदा ठोकतो, मग शेजारच्या दरवाजावर ठोकतो. पहिला आवाज बद्द आहे, दुसरा पत्र्याचा. खिशातला लहानसा लोहचुंबक एका जागी चिकटतो आणि वितभर खाली घसरून पडतो. तिथे पत्र्यावर लांबी, म्हणजे पोचा बुजवायची पुटी, भरलेली आहे.

"अण्णा, गाडी बरी हाय, पण ह्यो दरवाजा लांबीचा हाय."

"पावण्यानं गेटला घासली हुती. ठोकलेली न्हाय."

फिटर वाद घालत नाही. दरवाजाच्या चौकटीची रबरी पट्टी तो अलगद ओढतो आणि आतले स्पॉट वेल्डिंगचे ठिपके मोजल्यासारखे पाहतो. कारखान्यातले ठिपके ठरावीक अंतरावर आणि गोल असतात, गॅरेजमधले तसे कधीच जमत नाहीत. पिलर (दरवाजांमधला खांब) शाबूत आहे, म्हणजे पाहुण्याची आणि गेटची गोष्ट खरी. बोनेट उघडल्यावर त्याची नजर इंजिनाकडे न जाता बोनेटच्या बिजागऱ्यांवरच्या बोल्टकडे जाते, कारण पान्याने रंग उडालेला असेल तर बोनेट कधीतरी उतरलेले असते. काचांच्या कोपऱ्यांत छापलेले साल तो चारही बाजूंनी जुळवतो. टायरवरचे चार अंकी आकडे वाचतो, ज्यांतले पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन सालाचे असतात, आणि मागचे दोन टायर बदलावे लागतील असे कागदवाल्यांकडे पाहून नुसत्या दोन बोटांनी सांगतो. क्लचच्या पॅडलचे रबर एका कडेला गुळगुळीत झाले आहे. 92 हजारांच्या गाडीला एवढी झीज शोभून दिसते. तेच रबर अगदी नवेकोरे असते किंवा पार झिजून लोखंड दिसत असते, तर मीटरवर विश्वास ठेवता आला नसता.

मग इंजिन सुरू होते. कोल्हापूर हे ओतकामाचे आणि ऑइल इंजिनांचे गाव आहे, मोठमोठ्या वाहन कंपन्यांना लागणारे सुटे भाग शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांतून जातात, आणि त्यामुळे इंजिनाच्या आवाजावर बोलू शकणारी माणसे येथे गल्लोगल्ली सापडतात. फिटर चालू इंजिनाचे ऑइलचे झाकण काढतो आणि तळहात त्या तोंडावर धरतो. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील तर तिथून धूर आणि दाब बाहेर फेकला जातो. गॅरेजच्या भाषेत इंजिन बॅक मारते. कॅमेरा या तळहातावर आला तेव्हा त्यावर ऑइलचे दोन थेंब होते, इतकेच. फिटरने हात पँटला पुसला आणि ओट्यावर जाऊन बसला. गाडी घ्यायची ठरली आहे, हे कागदवाल्यांना त्या बसण्यावरून कळले.

या विशिष्ट गाडीसाठी एवढी धडपड का, याला कारण आहे. स्विफ्टमधले 1248 सीसीचे डिझेल इंजिन मूळचे फियाटचे. तेच इंजिन टाटांच्या गाड्यांतही बसत होते आणि म्हणून त्याचे काम न येणारा मेकॅनिक शोधावा लागेल. प्रदूषणाचे बीएस 6 निकष लागू झाले तेव्हा, म्हणजे एप्रिल 2020 पासून, मारुतीने डिझेल गाड्या बनवणेच थांबवले. त्यामुळे राधानगरी, गगनबावडा, आजरा अशा चढ-उताराच्या भागात रोज फिरणाऱ्याला लहान डिझेल मारुती हवी असेल तर ती जुन्या बाजारातच घ्यावी लागते.

घासाघीस पाऊण तास चालली. सव्वातीन लाखांचे तीन झाले, तीनचे दोन लाख पंच्याऐंशी हजारांवर आले. मधे एकदा फिटर उठून दुचाकीपर्यंत गेला, तिची किल्लीही फिरवली आणि अण्णांनीच त्याला परत बोलावले. बैल पाहायला आलेला व्यापारीही पूर्वी असाच उठून जात असे. पाच हजारांचे टोकन देऊन व्यवहार पक्का झाला आणि दोन दिवसांनी उरलेली रक्कम पोचती झाली. गाडी नेताना घरातल्या बाईंनी पुढचे दार उघडले, डॅशबोर्डवर चिकटवलेली गुलालाने माखलेली जोतिबाची लहान मूर्ती नखाने सोडवून घेतली आणि पदराने तिची खालची बाजू पुसली.

बोनेटवरच कागदांवर सह्या झाल्या. मालकी बदलाचा फॉर्म 29 विकणाऱ्याने द्यायचा असतो आणि 30 घेणाऱ्याने. मोटार वाहन अधिनियम 1988 च्या कलम 50 नुसार राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे असते. पडद्यावर दिसणाऱ्या या फॉर्मवर घेणाऱ्याचे नाव आणि तारीख यांच्या जागा कोऱ्या आहेत. हे बरोबर नाही, पण ते असे का होते तेही समजून घ्यायला हवे. गाडी व्यापाऱ्याच्या नावावर चढली की एक हँड वाढतो, एक हँड वाढला की किंमत उतरते, आणि पुढे तीच गाडी गिऱ्हाइकाच्या नावावर करायला पुन्हा शुल्क व हेलपाटे ठरलेले. यावर उपाय म्हणून केंद्र सरकारने 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांसाठी अधिकृत प्रमाणपत्राची सोय केली, ज्यात मालकाने फॉर्म 29सी भरून गाडी सोपवली की विक्रेता हाच मानीव मालक धरला जातो आणि हँडही वाढत नाही. या दोघांकडे ते प्रमाणपत्र अजून नाही. दरम्यान अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी नोंदणीत नाव असलेल्या मालकावरच येते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केलेले आहे.

स्विफ्ट आता रंगकाम करणाऱ्याच्या पत्राशेडमध्ये आहे. जुनी लांबी खरवडून काढली जाते, दरवाजाचा पोचा आतून ठोकून उठवला जातो, नवी लांबी सुरीने पातळ ओढली जाते आणि मग पाण्याच्या कागदाने घासकाम सुरू होते. हे घासकाम चार तास चालले. कारागीर डोळे मिटून तळहात फिरवतो आणि हाताला लागेल तिथे पुन्हा घासतो. पांढरा रंग सोपा असेल असे आम्हाला वाटले होते. त्याने डब्यावर काडीने तीन वेगवेगळे पांढरे ठिपके काढून दाखवले आणि त्यातला गाडीचा कोणता ते ओळखायला सांगितले. आम्हाला ओळखता आले नाही.

शेडवरच्या दिल्लीच्या इनोव्हाची हकीकत वेगळी आहे. राजधानी क्षेत्रात दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्या रस्त्यावर आणायला सरसकट बंदी होती, जी सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2025 मध्ये सैल केली. त्या बंदीमुळे मुदत संपत आलेली, पण यंत्राने धडधाकट गाडी तिथे पडत्या भावात मिळत असे. ती घेऊन दीड हजार किलोमीटरहून अधिक अंतर चालवत यायचे, तिथल्या कार्यालयाचा ना हरकत दाखला आणायचा, महाराष्ट्राचा कर भरायचा आणि नवा क्रमांक घ्यायचा, असा हा उद्योग आहे. दाखला यायला वेळ लागतो. इनोव्हा तीन महिने कोपऱ्यात उभी आहे आणि तिच्या वायपरमध्ये पिंपळाची पाने अडकली आहेत.

कोल्हापूरचा व्यापारी आणखी एका गोष्टीची चौकशी केल्याशिवाय गाडी घेत नाही, आणि ती म्हणजे पूर. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने 43 फुटांची धोका पातळी ओलांडली की शहरात काय होते, हे 2019 च्या ऑगस्टने आणि 2021 च्या जुलैने दाखवले. दोन्ही वेळा महामार्गही शिरोलीजवळ पाण्याखाली गेला होता. बुडालेली गाडी बाहेरून चकचकीत करता येते. म्हणून फिटर सीटचा पट्टा पार शेवटपर्यंत बाहेर ओढतो. धुणाऱ्याचा हात सहसा तिथवर गेलेला नसतो. एका जुन्या वॅगन आरचा पट्टा त्याने कॅमेऱ्यासमोर ओढला, तेव्हा शेवटच्या वितीवर गाळाची तपकिरी रेघ सरळ आखल्यासारखी दिसली. ती गाडी त्याने परत पाठवली. पुढे ती कोणी घेतली, हे आम्हाला कळले नाही.

2025 च्या ऑगस्ट-सप्टेंबरचे चित्रण आमच्याकडे नाही. नव्या लहान गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के होणार ही बातमी आली, गिऱ्हाइके थांबली, त्यात पितृपक्ष लागला, आणि 22 सप्टेंबरला घटस्थापनेच्या दिवशी नवे दर लागू झाले तेव्हा आधी चढ्या भावाने घेतलेल्या जुन्या अल्टो आणि वॅगन आर यांचा भाव बसलेला होता. दोन गाड्या तोट्यात गेल्या, एवढेच कागदवाले सांगतात.

स्विफ्टला गिऱ्हाईक मिळाले ते उसाचे बिल जमा झाल्यावर. हा सगळा बाजारच साखर कारखान्याच्या हप्त्यावर चालतो. बिल बँकेत आले की शेडवर गर्दी होते, आणि पाडवा जवळ असेल तर घासाघीसही कमी होते. राधानगरीकडचे बाप-लेक तीनदा येऊन गेले. दुसऱ्या वेळी त्यांनी सोबत आपला मेकॅनिक आणला. त्यानेही डाव्या दरवाजावर पेराने ठोकले आणि थांबला. फिटरने तो काही विचारण्याआधीच गेटची गोष्ट सांगितली. सौदा तीन लाख तीस हजारांना झाला. या वेळी फॉर्मवर नाव आणि तारीख दोन्ही भरले गेले, कारण गाडी मुलाच्या नावावर व्हायची होती.

गाडीला झेंडूचा हार घातला आहे. पुढच्या चाकांखाली लिंबे ठेवली आहेत. गाडी आधी अंबाबाईला आणि मग घरी जाणार आहे.

रात्री शेडमध्ये कागदवाले डायरी उघडतात. खरेदी 2,85,000. टायर 7,600. दरवाजा आणि बंपरचे रंगकाम 6,500. ऑइल, फिल्टर, सर्व्हिसिंग 4,200. आतली सफाई आणि पॉलिश 2,000. गाडी विकायची आहे असे कळवणाऱ्याला 3,000. नवी नंबर प्लेट आणि नाव बदलाचे कागद 3,500. एकूण 3,11,800. विक्रीतून ते वजा जाता 18,200 उरतात, आणि दीड लाखावरचे दीड महिन्याचे व्याज 4,500 काढले की 13,700. त्याचे दोन भाग करून ते 6,850 हा आकडा दोनदा लिहितात आणि त्याखाली रेघ ओढतात. तेवढ्यात फिटर हात धुता धुता तिथूनच ओरडतो, "हार न् लिंबं ऱ्हायली की. तीनशे." कागदवाले 6,850 खोडतात आणि त्याच्या डोक्यावर 6,700 लिहितात.