अ‍ॅनफील्ड आधी कोणाचं होतं? लिव्हरपूलचं नाहीच!

मंडळी, म्हापसा घ्या, मडगाव घ्या, इंग्लंडच्या लिव्हरपूल फुटबॉल क्लबची मॅच लागली की बारमध्ये लाल जर्सीवाले पुढची टेबलं अडवून बसतात. त्यांना एकदा विचारून बघा, लिव्हरपूलच्या ग्राउंडवर, म्हणजे अ‍ॅनफील्डवर पहिली मॅच कोण खेळलं? बहुतेक जण छाती फुगवून लिव्हरपूल म्हणणार. चूक. एव्हर्टन! हो, तेच निळेवाले, त्याच शहरातला शेजारचा क्लब.

आता हे झालं कसं. एव्हर्टन १८७८ मध्ये एका चर्चच्या पोरांनी सुरू केलेली टीम, आधी स्टॅन्ली पार्कात खेळायची, मग दुसरीकडे एक जागा मिळाली तर तिथला मालक गर्दीच्या आरडाओरड्याला वैतागला. शेवटी १८८४ मध्ये अ‍ॅनफील्ड रोडवर जॉन ऑरेल नावाच्या बिअरवाल्याची जमीन मिळाली, आणि अट काय तर स्टॅन्ली हॉस्पिटलला थोडी देणगी द्यायची, बस. २८ सप्टेंबर १८८४, समोर अर्ल्सटाऊन, एव्हर्टन ५-० जिंकलं.

मग येतो जॉन हौल्डिंग. हापण बिअरवालाच, आणि क्लबचा प्रेसिडेंट. १८८५ मध्ये यानं ती जमीन विकत घेतली. म्हणजे बघा, क्लबचा पात्रांव (साहेब) पण हाच आणि क्लबचा भाटकार (जमीनमालक) पण हाच. आपल्या गोव्यात भाटकार आणि त्याच्या जमिनीवर राहणारा मुंडकार यांचं प्रकरण काय असतं ते मी सांगायची गरज नाही, आणि इथेपण तेच झालं. भाडं १०० पौंडांवरून काही वर्षांत २५० वर गेलं. ग्राउंडवर बिअर विकायची तर फक्त हौल्डिंगची. प्लेअर कपडे बदलायचे कुठे? सॅन्डन नावाच्या पबमध्ये, तोपण त्याचाच!

बरं, टीम काही किरकोळ नव्हती हां. १८८८ मध्ये फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हाच्या १२ क्लबांपैकी एक, १८९१ मध्ये तर चॅम्पियन. म्हणजे गर्दी होती, पैसा येत होता, आणि मग हौल्डिंग म्हणाला कंपनी काढू आणि माझी जमीन कंपनीनं विकत घ्यावी, त्याच्याच भावात. मेंबर भडकले. त्यांचा पुढारी जॉर्ज महॉन, चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा माणूस. मीटिंगमध्ये कोणीतरी ओरडला की तुम्हाला दुसरं ग्राउंड मिळणारच नाही, तर महॉन म्हणाला, ते माझ्या खिशात आहे. असं सांगतात बुवा, पण डायलॉग भारीच. आणि खरंच १८९२ मध्ये सगळं चंबूगबाळं उचलून हे लोक पार्काच्या पलीकडे गेले, गुडिसन पार्क तेच.

आता हौल्डिंगकडे ग्राउंड आहे, पण खेळायला टीमच नाही! यानं आधी एव्हर्टनचंच नाव वापरून बघितलं, ते मिळालं नाही, मग मार्च १८९२ मध्ये नवीन क्लब काढला, लिव्हरपूल. पोरं आणली स्कॉटलंडहून. १ सप्टेंबरला पहिली फ्रेंडली, रॉदरहॅम टाऊनला ७-१ धुतलं. माझ्या मते याला सरळ धंदा म्हणायचं, रिकामी जागा पडून राहू नये म्हणून काढलेला क्लब, पुढे काय झालं ते तुम्हाला माहीत आहेच.

आता कॉप, म्हणजे ग्राउंडवरचा तो गोलमागचा फेमस प्रेक्षक-स्टँड. १९०६ मध्ये लिव्हरपूल दुसऱ्यांदा चॅम्पियन झालं आणि गोलमागे मातीचा मोठा चढ उभारला. नाव पडलं स्पायन कॉप, दक्षिण आफ्रिकेतली टेकडी, जानेवारी १९०० मध्ये बोअर युद्धात तिथे इंग्रजांची पार वाट लागली होती आणि मेलेल्यांत लँकेशायरची, म्हणजे तेव्हा लिव्हरपूल ज्या परगण्यात होतं तिथली, पोरं खूप होती. नाव सुचवलं एका लोकल पेपरच्या स्पोर्ट्स एडिटरनं, अर्नेस्ट एडवर्ड्स. लंडनला आर्सेनलवाल्यांनी हे नाव थोडं आधीच वापरलं होतं, पण टिकलं ते इथलं. आणि त्या टेकडीवरून जखमींना डोल्यांतून खाली आणणाऱ्यांत कोण होतं माहितीये? गांधीजी! तेव्हा ते तिथे वकिली करायचे आणि त्यांनी तिथल्या भारतीय लोकांची अ‍ॅम्ब्युलन्स तुकडी उभी केली होती.

अजून एक, हे तर फॅन लोकांनापण माहीत नसतं. कॉपच्या बाजूला जो झेंड्याचा उंच खांब आहे ना, तो जहाजाचा आहे. ग्रेट ईस्टर्न, ब्रुनेल नावाच्या इंजिनिअरचं, त्या काळातलं जगातलं सगळ्यात मोठं जहाज. १८७० मध्ये मुंबईहून एडनपर्यंत समुद्राखालून तारेची केबल टाकली ती याच जहाजानं. पुढे मर्सी नदीवर ते मोडीत काढलं, त्याची डोलकाठी नदीतून तरंगवत आणली आणि घोडे जुंपून चढावरून वर ग्राउंडपर्यंत ओढत नेली.

तर तुमचं कोणी इंग्लंडमध्ये स्विंडनला वगैरे असेल, आणि गोंयकारांचं तिथे कोणीतरी असतंच, तर त्यांना सांगा की अ‍ॅनफील्डला गेलात तर जर्सीच्या दुकानाबाहेर सेल्फी काढून परत येऊ नका, आधी त्या खांबापाशी जा.