घड्याळ घातलं म्हणून पोट उतरतंय होय?

नमस्कार मंडळी! सकाळी रंकाळ्यावर जावा, जिकडं बघाल तिकडं मनगटावर हे पावलं-कॅलरी मोजणारं घड्याळ असतंय. (घड्याळ कॅमेऱ्यासमोर धरून) फेरी संपली की आधी ह्यात बघायचं. "साडेतीनशे कॅलरी गेल्या!" मग गाडी वळते मिसळीकडं. वर जादा कट, जादा पाव. हिशेबात बसतंय की!

नाही बसत. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठानं २०१७ मध्ये मनगटावरची ७ यंत्रं तपासली. हृदयाचे ठोके मोजताना त्यातल्या ६ यंत्रांची चूक ५ टक्क्यांच्या आत होती. कॅलरीत मात्र सगळ्यात बरं यंत्रसुद्धा सरासरी २७ टक्के चुकलं, आणि सगळ्यात वाईट ९३ टक्के! ठोके घड्याळाला दिसतात. मागचा हिरवा उजेड कातडीत शिरतो, रक्ताच्या प्रत्येक लाटेला कमीजास्त होऊन परत येतो. कॅलरी त्याला दिसतच नाही. तुमचं वय, वजन, ठोके घेऊन बांधलेला तो अंदाज. त्या अंदाजावर मिसळ खायची नाही. खायची तर आवडते म्हणून खावा, कमावली म्हणून नको.

आता जरा झोंबणारी गोष्ट. पिट्सबर्ग विद्यापीठात वजन जास्त असलेल्या ४७१ तरुणांवर २ वर्षं प्रयोग झाला, निकाल २०१६ मध्ये आला. आहार-व्यायामाचा सल्ला सगळ्यांनाच होता, अर्ध्यांना वर यंत्र दिलं. यंत्रवाल्यांचं वजन सरासरी साडेतीन किलो उतरलं. बिनयंत्रवाल्यांचं? जवळजवळ सहा किलो! असं का, ते त्या प्रयोगातून ठरलं नाही. माझा संशय त्या जादा पावावर.

मग फेकून द्यायचं का घड्याळ? अजिबात नाही. बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा २०२२ मध्ये आला. यंत्र वापरणारे दिवसाला सुमारे १,८०० पावलं जास्त चालतात, वजन साधारण एक किलो उतरतं. म्हणजे घड्याळ माणसाला हलवतंय. वजनकाट्यावरचं काम जास्त करून ताटातच होतं.

पहिला आठवडा काहीच बदलू नका, नुसतं घालून फिरा. दिवसाच्या पावलांचा जो सरासरी आकडा येईल तो तुमचा. त्यात हजारभर वाढवा, अंगवळणी पडलं की आणखी. १०,००० च्या मागं लागू नका, तो आकडा १९६५ च्या सुमारास जपानात पावलं मोजायचं यंत्र विकताना आलाय.

आणि तासांचा आलेख उघडून बघा, खरी गंमत तिथंच हाय. सकाळी तासभर चालणारा गुजरीतला दुकानदार अकरा ते आठ गल्ल्यावरून हललेलाच नसतो! फोन आला की उठून बोला, चहा सांगायला स्वतः जावा. (हसत) खड्ड्यातनं गाडी गेली की काही घड्याळं तीही पावलं धरतात, तेवढी वजा करा.

पंधरा दिवसांतनं एकदा टेपनं कंबर मोजा. आपल्याकडं पुरुषांची ९० सेंटीमीटरच्या आणि बायकांची ८० च्या वर गेली की डॉक्टरांना दाखवायचं, घड्याळातला आठवड्याचा आलेखही सोबत न्यायचा. साखरेसाठी इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असतील तर चालणं वाढवायच्या आधीच त्यांना विचारा. काही औषधांवर जादा चाललं की साखर एकदम खाली येते. खिशात ग्लुकोजचं पाकीट ठेवा, आणि एकटे जाऊ नका.