साडेपाचची गाडी आणि क्रीडा प्रतिनिधी

(तालुक्याच्या वाचनालयात एका विद्यार्थिनीनं दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून)

अध्यक्ष महाराज, गुरुजन, आणि मागच्या बाकांवर बसून मला हसवायचा प्रयत्न करणाऱ्या माझ्या खो-खोच्या मैत्रिणींनो,

इथली व्याख्यानं रात्री आठला असतात. मी म्हटलं, दुपारी तीनला ठेवत असाल तर येते, कारण माझ्या गावाची शेवटची गाडी साडेपाचला सुटते. त्यामुळे आज खुर्च्या रिकाम्या दिसताहेत, तो दोष माझा. पण माझा विषयही तोच आहे, म्हणून आधी गाडीचंच सांगते.

आमच्या कॉलेजात तास संपतात साडेचारला. मैदानावर चुना मारून, वॉर्मअप करून, दोन टीम पाडेपर्यंत पाच वाजतात. पाच वीसला गाडीच्या पोरी बॅगा उचलतात आणि स्टँडकडे पळत सुटतात. तेवढ्या जोरात आम्ही सामन्यातही पळत नाही. खो-खोला संघात बारा जणी लागतात, मैदानात नऊ. पहिल्या वर्षी सरांनी निवड केली तेव्हा आधी विचारलं, "गाव कोणतं? गाडी किती वाजता?" मग शिट्टी वाजवली. माझ्यापेक्षा चांगला पोल मारणारी, म्हणजे खांब धरून झेप घेणारी, एक पोरगी होती, तापीच्या पलीकडची. तिची आजी म्हणायची, "खेळ ना माय, पन दिन बुडाना पहिले घर येवाले जोयजे." ती दुसऱ्या आठवड्यापासून आली नाही. निवड चाचणी मी जिंकले असं रेकॉर्डला आहे. खरं तर ती एस.टी.च्या वेळापत्रकानं जिंकली.

आता राजकारण. शब्द काढला की कोणीतरी काका म्हणतातच, विद्यार्थ्यांनी राजकारणापासून लांब राहावं. हे सांगतात त्या सभागृहात बहुतेक वेळा भिंतीवर शिरीषकुमारचा फोटो असतो. ९ सप्टेंबर १९४२ ला नंदुरबारला झेंडा घेऊन निघालेली आणि पोलिसांच्या गोळ्या झेललेली ती पोरं शाळेतली होती. कॉलेजलाही गेली नव्हती. फोटोला दरवर्षी हार घालायचा आणि आम्हाला गप्प बसायला सांगायचं, हे मला झेपत नाही.

राजकारण बंद झालं, असंही नाही. १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानं कॉलेजातल्या विद्यार्थी प्रतिनिधींची थेट निवडणूक गेली. हाणामाऱ्या होतात, हे कारण, आणि ते खोटं नव्हतं. त्याऐवजी आलं ते असं: वर्गात पहिला येईल तो वर्गप्रतिनिधी. शिवाय खेळ, एन.एस.एस., एन.सी.सी. आणि सांस्कृतिक यांतून एकेक जण आणि दोन मुली, हे प्राचार्यांनी नेमायचे. या मंडळींनी आपल्यातून सचिव निवडायचा, ज्याला आपण जी.एस. म्हणतो. म्हणजे अख्ख्या कॉलेजचा जी.एस. ठरवायला मतदार किती? पंधरा-वीस.

माझा मामा त्या काळात एस.वाय. बी.एस्सी.ला पहिला आलेला. बुजरा माणूस. निवडणुकीच्या आदल्या दिवशी दोन सिनियर सुमो घेऊन घरी आले आणि आजीला म्हणाले, मावशी, अभ्यास सहल आहे. दोन दिवस तोरणमाळ! यशवंत तलाव, थंडी, सकाळी पोहे, रात्री शेवभाजी आणि भाकरी. मतदानाच्या दिवशी सुमो थेट कॉलेजच्या दारात. मी विचारलं, "मामा, तुला विचारलं तरी का कोणाला मत देणार?" तो म्हणाला, "गाडीत बसलो तेव्हाच दिलं ना." मामाला राग नाही. तोरणमाळ त्यानं नंतर कधी पाहिलंच नाही.

यात गंमत कुठं आहे बघा. पहिला नंबर कोणाचा हे निकालपत्र सांगतं, तिथं हात घालता येत नाही. नेमणुकीत येतो. आठाला सात मतं असली की खेळाडूची एक जागा सोन्याची. मग जिमखान्यात ज्यांनी कधी पाय ठेवला नाही ते सरांना चहाला बोलवायचे, आणि बुद्धिबळाच्या स्पर्धेला एकदा जाऊन आलेला मुलगा अचानक 'उत्कृष्ट खेळाडू' व्हायचा. जिमखान्यात राजकारण आलं ते या दारानं.

२०१६ च्या कायद्यात थेट निवडणूक परत आली, कागदावर. २०१९ मध्ये कार्यक्रमही जाहीर झाला, पण विधानसभा तोंडावर आली म्हणून पुढं ढकलला. मग कोविड. झाली असती तरी मी उभी राहू शकले नसते, ते वेगळं. विद्यार्थी निवडणुकांचे नियम सुचवणाऱ्या लिंगडोह समितीनं उमेदवाराला खर्चाची मर्यादा ५,००० रुपये घातली. माझ्याकडे तेवढेही नव्हते, पण ते सोडा. त्याच समितीची अट आहे की त्या वर्षी विषय राहिलेला नको. माझी एक ए.टी.के.टी. आहे, कारण आंतरमहाविद्यालयीन सामने आणि सेमिस्टरचा पेपर एकाच दिवशी आले. खेळले म्हणून बाद!

तरी मी नेमलेली प्रतिनिधी झाले. नोटीस बोर्डावर नाव वाचलं तेव्हा कळलं. वर्षभरात एक बैठक. हजेरीपत्रकावर सही, समोसा, फोटो. मी विचारलं, फीच्या पावतीवर जिमखान्याची रक्कम असते, ती कशावर खर्च होते? मोठे सामने आता मॅटवर होतात आणि आम्ही काळ्या मातीवर खेळतो, पाऊस पडला की पाय निघत नाही. उत्तर आलं, "बेटा, अर्ज दे." आपल्या भाषेत एक मजा आहे. मैदानात 'खो देणं' म्हणजे बसलेल्याला उठवून पळायला लावणं. ऑफिसात 'खो घालणं' म्हणजे पळणाऱ्याला बसवणं.

मॅट आली नाही. पण अर्ज लिहायची सवय लागली, म्हणून दुसरा अर्ज मी एस.टी.च्या आगारात दिला. साडेपाचची गाडी सव्वासहाला करा. साहेब म्हणाले, एका खेळासाठी वेळापत्रक बदलत नाही. मग आम्ही सह्या गोळा करायला निघालो. आमच्या टीमच्या नऊ जणी त्या मार्गावरच्या. त्या पुरणार नव्हत्या. लायब्ररीत बसणाऱ्या मुली, संध्याकाळी टायपिंगला जाणारी मुलं, मेडिकल दुकानात काम करणारा एक जण, बाजारात भाजी विकून परतणाऱ्या बाया. त्यांना तर २०२३ पासून अर्धं तिकीट असल्यानं गाडी चुकली की रिक्षाचे पैसे फारच टोचतात. एका मुलानं सही करण्याआधी विचारलं, "तुम्ही कोणत्या पक्षाच्या?" मी म्हटलं, "साडेपाचच्या." एकीनं सही नाकारली. तिला उशिरा घरी जायचं नव्हतं, सासू बोलते म्हणाली. तिच्याशी वाद घालण्यात मी अर्धा तास घालवला आणि हरले. एकशे चौदा सह्या झाल्या. आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाकडे मत मागितलं ते असं, आणि ज्यांचं मिळालं नाही त्यांची तोंडंही लक्षात आहेत.

सामन्यांच्या हंगामापुरती, मंगळवार ते शुक्रवार, गाडी सहाला सुटायला लागली. सव्वासहा नाही, सहा. तापीपलीकडच्या त्या पोरीला निरोप धाडला होता. ती एकदा येऊन मैदानाच्या कडेला बसून गेली. आजी अजून तेच म्हणते, आणि मार्गशीर्षात सहाची गाडी गावी पोचेपर्यंत अंधारच होतो.